उंचीची मालकी

मंगेशीच्या दीपस्तंभाला सात मजले आहेत. परंतु त्यांपैकी एकाही मजल्यावर कोणी राहत नाही. उत्सवाच्या रात्री त्याच्या कोनाड्याकोनाड्यांतून दिवे लागतात, ते सभामंडपाच्या पायरीवर उभ्या असलेल्या महाजनाला जसे दिसतात तसेच बाहेर खेळण्यांच्या दुकानासमोर रेंगाळणाऱ्या पोरालाही दिसतात. उंचीचा आपल्याकडचा जुना अर्थ हा असा आहे. उंच बांधणारा इतरांनी पाहावे म्हणून बांधतो. ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोचता आले नाही, त्याने दुरून कळसाला हात जोडले तरी दर्शन घडले, असे आपण मानत आलो. ज्यांना कित्येक पिढ्या दाराच्या आत येऊच दिले नाही त्यांच्या वाट्याला निव्वळ कळसच आला, ही या समजुतीची काळी बाजूही सांगून टाकली पाहिजे. पण कळस निदान त्यांच्यापासून लपवता आला नाही. उंचीवर एकट्याची मालकी चालत नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

या मोजपट्टीने एका आधुनिक कृतीचे परीक्षण करावयाचे आहे. आपल्या नियतकालिकांतून पुस्तकांची आणि नाटकांची परीक्षणे नेमाने येतात. इमारतींची येत नाहीत. वास्तविक न आवडलेले पुस्तक मिटून ठेवता येते आणि कंटाळवाण्या नाटकातून मध्यंतरात उठून जाता येते. न आवडलेल्या इमारतीच्या सावलीत मात्र आयुष्य काढावे लागते. शहराच्या मध्यभागातील कामाची जागा, मग ती गिरणी असो वा कचेरी, मोकळी करावी आणि तिथे राहण्याचे उत्तुंग मनोरे उभे करावेत, हा सांप्रत जगातील मोठमोठ्या शहरांचा आवडता वास्तुप्रकार झाला आहे. त्याचा आपल्याला सर्वांत जवळचा आणि सर्वांत मोठा नमुना म्हणजे मुंबईचे गिरणगाव. गोव्यातून, बेळगावातून, सावंतवाडी-रत्नागिरीकडून मुंबईस गेलेल्या कुटुंबांपैकी परळ-लालबागशी काही ना काही नाते नाही असे कुटुंब विरळा. म्हणून हे परीक्षण परक्याचे नाही.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे स्थापिली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंतचा मुलूख गिरण्यांनी भरून गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्या संपाचा शेवट कधी झाला हे आजही कोणी तारखेनिशी सांगू शकत नाही. गिरण्यांची जमीन मात्र जागच्या जागी होती. सुमारे सहाशे एकर, आणि तीही बेटाच्या पोटात. संपापूर्वी जी जमीन यंत्रे ठेवण्याचे साधन होती, ती संपानंतर यंत्रांपेक्षा मोलाची वस्तू ठरली.

या जमिनीचे काय करावे, याचे उत्तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने दिले. मी वकील असल्यामुळे हा नियम मला एखाद्या कवितेसारखा शब्दाशब्दाने वाचण्याची सवय लागली आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण वास्तूचा खरा पाया सिमेंटचा नसून या नियमाच्या शब्दांचा आहे. १९९१ च्या नियमाचा आशय साधा होता. गिरणीची जमीन नव्याने विकसित करावयाची तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करावेत: एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, दुसरा गृहनिर्माण मंडळाला सामान्यांच्या घरांसाठी, आणि तिसरा मालकाला. आपल्याकडील कोणत्याही जुन्या गावकरीच्या माणसाला हा न्याय समजावून सांगावा लागला नसता. गावात राहणाऱ्याचा गावाच्या जमिनीवर काही हक्क असतो, हेच त्याचे तात्पर्य.

पुढील दहा वर्षांत या नियमाखाली फारच थोड्या जमिनी पुढे आल्या. मालकांना वाटणी नको होती आणि जुन्या शेडी तशाच ठेवून त्यांचा निराळा उपयोग करण्याची वाट मोकळी होती. १९९६ साली शासनाने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांकडे सुटे तुकडे म्हणून न पाहता एकत्रित विचार करावा, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी आखाव्यात, असा तिचा रोख होता. अहवाल आला आणि फडताळात गेला. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणीचे तत्त्व राहिले. परंतु वाटणी करावयाची ती गिरणीच्या आवारातील केवळ ‘मोकळ्या’ जमिनीची आणि शिल्लक चटईक्षेत्राची, असे ठरले. गिरणी म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शेडी. तिच्या आवारात मोकळी जागा असावयाची किती? तिजोरी तीच ठेवली, वाटेकरीही तेच ठेवले, फक्त वाटावयाची ती वरची चिल्लर असे ठरवून दिले. संपूर्ण आधुनिक मराठी गद्यात एका विशेषणाने इतके मोठे कार्य केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

या विशेषणाचा अर्थ काय, हा प्रश्न न्यायालयात जाणे अटळ होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये असा अर्थ लावला की शेडी पाडल्यानंतर जी मोकळी होईल तीही मोकळी जमीनच होय. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला: मोकळी म्हणजे आधीपासून मोकळी होती तेवढीच. बंद पडलेल्या गिरण्यांचे पुनरुज्जीवन व्हावे, कामगारांची थकलेली देणी चुकती व्हावीत, अशा हेतूने शासनाने धोरण बदलले असेल तर त्याच्या जागी न्यायालयाने आपले धोरण बसवू नये, अशी त्यामागील भूमिका होती. कायद्याचा अभ्यासक म्हणून मी या युक्तिवादाला तुच्छ लेखणार नाही. न्यायाधीशांनी शहराची आखणी करावी, अशी माझी अपेक्षा नाही. परंतु न्यायालयाने नियम वैध ठरविला म्हणजे तो शहाणपणाचा ठरला, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर काढला जातो. वैधता हा कोणत्याही कृतीचा किमान गुण आहे. छंदात बसलेली प्रत्येक रचना काव्य ठरत नाही.

आता या पायावर उभ्या राहिलेल्या वास्तूकडे येऊ. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले. त्यांत मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे सतरा एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना गेली. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, तीच जमीन २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. मधल्या काळात तिच्यावर एकही कुटुंब राहावयास आलेले नव्हते. त्याच २०१२ साली गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली. घरे ६,९२५ आणि प्रत्येकाचे क्षेत्र २२५ चौरस फूट. कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे अर्ज पुढे पावणेदोन लाखांच्या आसपास पोचले, आणि नंतरच्या सोडती धरूनही मिळालेली घरे त्यांच्या दशांशाच्या आगेमागेच राहिली. जयंत पवार यांनी गिरणगावातील एका कुटुंबावर लिहिलेल्या नाटकाला १९९७ साली ‘अधांतर’ हे नाव दिले होते. त्या वेळी अधांतरी होता तो कामगार. आज त्याच भूमीवर अधांतरी राहण्यासाठी कोट्यवधी रुपये मोजावे लागतात.

इथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. मुंबई हे बेट आहे, माणसे वाढली आणि जमीन वाढली नाही. तेव्हा उंच बांधण्यावाचून गत्यंतर काय? खरेच आहे. शिवाय चाळीच्या आठवणी काढून डोळे पुसणारे आपले लेखक ज्या खोलीविषयी लिहितात, त्या दहा-बाय-बाराच्या खोलीत पाळ्यापाळ्यांनी दहा-दहा माणसे झोपत होती आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांत मिळून मोजके संडास होते. त्या खोलीकडे परत जावे असे तिच्यात राहिलेला एकही माणूस म्हणणार नाही. गिरण्यांची धुराडीही मालकांचीच होती. सर्वांच्या मालकीचा होता तो फक्त त्यांचा धूर आणि पहाटेचा भोंगा. म्हणून माझी तक्रार उंचीविरुद्ध नाही. उंच घर हा अपराध असेल तर आमचा दीपस्तंभही अपराधी ठरेल. तक्रार आहे ती अशी की या मनोऱ्यांनी आकाश घेतले आणि त्याच्या मोबदल्यात जमिनीला काहीच दिले नाही.

जमिनीवर काय घडते ते एका दिवसाने दाखविले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस पडत असताना परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली. गिरण्यांच्या काळातल्या वस्तीसाठी असलेल्या वाटांवर आता गिरण्यांच्या जागी झालेल्या कचेऱ्यांतील नोकरवर्ग चालत होता. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करून काही महिन्यांत नवा पूल बांधून घेण्यात आला. म्हणजे पूल बांधणे अशक्य नव्हते. फक्त तो कोणाच्याही नकाशात नव्हता. प्रत्येक गिरणीचा नकाशा आपल्या कुंपणाशी संपत होता आणि माणसे चालत होती ती दोन कुंपणांच्या मधून. कोरिया समितीने जे एकत्र पाहा म्हणून सांगितले होते, त्याचा अर्थ त्या सकाळी कळला.

याच परिसरात श्रीनिवास मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका मनोऱ्याची कथा यासंदर्भात बोलकी आहे. तो ११७ मजल्यांचा आणि ४४२ मीटर उंचीचा व्हावयाचा होता. विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून तो सुमारे २८० मीटरांवर थांबला. तेव्हा उंचीला मर्यादा घालणारा कोणी या देशात नाही असे नाही. आकाशातल्या विमानाची वाट अडली तर दीडशेहून अधिक मीटर कमी करता येतात; जमिनीवर चालणाऱ्याची वाट अडली तर एक वीतही कमी होत नाही.

मोकळ्या जागेचे तर त्याहून नवल. मनोऱ्याच्या तळाशी मोटारी ठेवण्याचे पाच-सात मजले रचायचे, त्यांच्या गच्चीवर माती पसरून हिरवळ लावायची आणि तिलाच नियमातील खेळाचे मैदान म्हणून दाखवायचे, अशी एक युक्ती रूढ झाली होती. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरील बांधकामातून हा वाद उपस्थित झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळच्या नियमावलीचा अर्थ लावताना स्पष्ट केले की नियमाने बंधनकारक केलेली किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच, आभाळाखाली असली पाहिजे. २००६ च्या निवाड्याची चर्चा सर्वत्र होते. २०१३ च्या या निवाड्याची फारशी होत नाही. मला तो अधिक मोलाचा वाटतो. बाग म्हणजे हिरवा रंग नव्हे, तर जिथे लिफ्टवाल्याला न विचारता जाता येते ती जागा, हे साधे सत्य त्यातून निष्पन्न होते.

असे समजू नये की हा सारा दोष आपल्याच लोकांचा आहे. लंडनच्या मध्यवस्तीत सेंटर पॉइंट नावाचा कचेऱ्यांचा मनोरा १९६६ साली पुरा झाला आणि भाडेकरूवाचून वर्षानुवर्षे रिकामा उभा राहिला. शहरात माणसे बेघर असताना तो रिकामा पाहून १९७४ च्या जानेवारीत काही कार्यकर्त्यांनी आत शिरून त्याचा तात्पुरता ताबा घेतला होता. कालांतराने तो वारसा वास्तू ठरला आणि २०१८ पर्यंत त्याचे रूपांतर ८२ सदनिकांत झाले. त्याच वर्षी, निम्म्याच्या आसपास सदनिका विकल्या जात नाहीत असे पाहून मालकांनी त्या विक्रीतून काढून घेतल्या. कचेरी होती तेव्हा रिकामी होती. घरे झाली तेव्हाही रिकामीच राहिली. वापर बदलला, स्वभाव बदलला नाही. ज्या खोलीची किंमत तिच्यात राहण्याने वाढत नाही, नुसती ठेवल्याने वाढते, तिला घर म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. लोअर परळच्या पुलावरून रात्री वर पाहावे. पन्नास-साठ मजल्यांच्या रांगांतून दिवे मोजावेत. मंगेशीच्या स्तंभावर कोणी राहत नाही, तरी उत्सवाला त्याचा एकही मजला काळोखात नसतो. इथे प्रत्येक मजल्याला मालक आहे आणि ओळीच्या ओळी काळोखात आहेत.

देवळांशी निगडित असलेल्या आपल्या समाजाला या प्रकरणात एक विशेष दृष्टी असावयास हवी, असे मला वाटते. आपल्या कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या एका मल्लिक घराण्यातील वाद प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. घरातल्या मूर्तीचे स्थान बदलण्याचा तो प्रश्न होता. मूर्ती म्हणजे उचलून कुठेही ठेवावयाची जंगम वस्तू नव्हे, तिच्या स्थानाविषयी तिची इच्छा लक्षात घेतली पाहिजे आणि ती मांडण्यासाठी वादात ज्याचा स्वतःचा स्वार्थ नाही असा प्रतिनिधी नेमावा, असा निर्णय त्या वेळी दिला गेला. न्यायशास्त्रातील ही एक अत्यंत सुंदर कल्पना आहे. आपल्या मंगेशाला १५६० साली कुशस्थळी सोडून नदीपार अंत्रुजेत यावे लागले, तेव्हा त्याच्या वतीने बोलणारा कोणी न्यायाधीशापुढे उभा नव्हता. होते ते पालखी घेऊन रात्रीतून निघालेले भक्त. स्थानभ्रष्ट होणे म्हणजे काय हे ज्यांच्या कुळाच्या आठवणीत आहे, त्यांना गिरणगावाचे दुःख समजावून सांगावे लागू नये. ५८ व्या नियमाच्या साऱ्या इतिहासात मालक बोलला, शासन बोलले, धनको बोलले, संघटनाही आपापल्या परीने बोलल्या. त्या जमिनीवरून रोज चालणाऱ्यांच्या वतीने, ज्याचा तिच्यात पैशाचा स्वार्थ नाही असा प्रतिनिधी, नियमाने कुठेच बसविलेला नव्हता. पर्यावरणासाठी झगडणाऱ्या एका संस्थेला याचिका करून ती जागा स्वतःच घ्यावी लागली.

आणि हा प्रश्न मुंबईवरच थांबलेला नाही. गोव्यात २०२३ साली नगरनियोजन कायद्याच्या १७ व्या कलमात एक पोटकलम घालण्यात आले; प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करणे, असा त्याचा सोज्वळ उद्देश होता. त्या ‘चुकां’च्या वाटेने बागायती आणि हिरव्या जमिनी वसाहतीच्या क्षेत्रात जाऊ लागल्या. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्द केले. तिथे ‘मोकळी’, इथे ‘चूक’. शब्द निरनिराळे, पण लेखनशैली एकच आहे, आणि ती ओळखण्यास आपण शिकले पाहिजे.

आपल्या घरातही थोडे पाहावे. प्रभादेवीचे सिद्धिविनायकाचे मंदिर १८०१ साली बांधले गेले तेव्हा लहानसे होते. १९९० नंतर त्याची बहुमजली वास्तू झाली. भक्तांची रीघ पाहता त्याला दोष देता येणार नाही, आणि देवाचे दार तरी रस्त्याच्या पातळीवरच राहिले आहे. परंतु देवस्थानांच्या सभांपुढे आता जुन्या अग्रशाळा पाडून मजल्यावर मजले चढविण्याचे, शहरातील देवस्थानच्या जागा भागीदारीत विकसनाला देण्याचे प्रस्ताव येऊ लागले आहेत. अग्रशाळा म्हणजे काय? दुरून आलेल्या कुळाव्याला रात्र काढण्याचा ज्या ओसरीवर हक्क होता, ती जागा. तिच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या तर उत्पन्न वाढेल. ओसरी मात्र जाईल. प्रस्ताव पुढे आला की आपण चटईक्षेत्र विचारतो, देवस्थानला किती टक्के मिळणार ते विचारतो. त्याआधी नकाशाचा तळमजला मागून घ्यावा. ज्याची त्या इमारतीत एकही खोली नाही, त्याला तिथे उभे राहता येईल काय, बसता येईल काय, पावसात आडोसा घेता येईल काय, एवढेच त्यावर बोट ठेवून विचारावे. या प्रश्नांचे उत्तर मिळत नसेल तर वरच्या मजल्यांची चर्चा करण्याचे कारण नाही.

वास्तूचे परीक्षण शेवटी तिच्या पायथ्याशी उभे राहूनच करावे लागते. गिरणगावातील बहुतेक मनोऱ्यांच्या पायथ्याशी उभे राहिले तर समोर भिंत असते, भिंतीत फाटक असते आणि फाटकाशी एक पहारेकरी असतो. त्याचे गाव विचारावे. पुष्कळदा ते कोकणातले निघते. क्वचित त्याचा बाप याच आवारात यंत्रावर उभा असे. तो मान वर करून पाहत नाही. कळसाकडे पाहिल्याने पुण्य लागते. तिथे वर पाहून त्याला काय लाभणार, याचे उत्तर त्या मनोऱ्याच्या नकाशात कोणीही लिहिलेले नाही.